पिंपाचा तळ

घरी दुधाची पिशवी आली की मी ती आधी उजेडाकडे धरून बघतो. तेलाचा नवा डबा फोडला की पहिल्यांदा वास घेतो. औषधाची बाटली कुणी हातात दिली तर लेबल दोनदा वाचतो, आणि तिसऱ्यांदा वाचायची इच्छा आवरतो. बायको म्हणते, लग्नाआधी माझंही सॅम्पल घेतलं होतंत का. घेतलं नव्हतं. तेव्हा मला नोकरी लागायची होती.

संशय हा माझा स्वभाव आधीपासून होता की नोकरीने लावला, ते आता सांगता येणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळली. नाव सांगत नाही. कारखाना आता तिथे नाही, आणि जी माणसं आहेत त्यांना त्रास नको. सत्तरच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा इमारती थोड्या आणि चिखल फार होता. संध्याकाळी खाडीकडून वारा आला की डास यायचे आणि रस्त्याकडून आला की आमचाच कारखाना यायचा. कोणत्या प्लांटमध्ये काय चाललंय ते मी गॅलरीत उभा राहून वासावरून सांगायचो, आणि शेजारी ते कौतुकाने ऐकायचे.

प्रयोगशाळेचं काम बाहेरच्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर असं: जो माल येतो तो खरा आहे का आणि जो जातो तो बरा आहे का, ते बघायचं. म्हणजे पगारच मुळी संशय घेण्याचा. टँकरवाला म्हणतो शुद्ध आहे, प्लांटवाला म्हणतो शुद्ध आहे, मॅनेजर म्हणतात शुद्ध असेलच, लवकर सही करा. या सगळ्यांत एकट्याने 'बघू' म्हणायचं. लोकांना राग यायचा. मला, खरं सांगायचं तर, मजा यायची.

माझं नाव झालं ते टोल्युईनच्या पिंपांमुळे. टोल्युईन म्हणजे रंगात आणि औषधात लागणारा एक द्रव, पाण्यापेक्षा हलका. एक व्यापारी आम्हाला पिंपं पाठवायचा. पिंपाचं झाकण उघडून वरूनच बाटली भरायची, तपासायची आणि पास करायची, अशी आमच्याकडे आधीपासूनची रीत होती. मी रुजू झाल्यावर लांब काचेची नळी मागवली. वरचं टोक अंगठ्याने दाबून ती थेट तळाशी न्यायची आणि तिथे अंगठा सोडायचा, म्हणजे तळाचा माल नळीत चढतो. पहिल्याच पिंपात तळाला वीतभर पाणी निघालं. वर टोल्युईन, खाली पाणी, आणि इतके दिवस आम्ही वरचं तपासून पाण्यावर सह्या करत होतो. व्यापारी आधी चहाला बोलवायला आला, मग त्याने हापूसची पेटी घरी पाठवली. मी पेटी परत पाठवली, पण तीही खालचा थर बघूनच.

तेव्हापासून मला कारखान्यात नळीवाले निमकर म्हणायला लागले. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवायचो: पिंपाचा तळ बघितल्याशिवाय पिंपावर विश्वास ठेवायचा नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की माझ्या पाठीमागे लोक माझ्या आवाजात ते म्हणून दाखवायचे. पुढे जे झालं ते वाचताना वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

आता पाण्याची गोष्ट. प्रयोगशाळेत आम्ही वापरलेलं अ‍ॅसिटोन फेकत नसू. काचेची भांडी धुण्यात, परीक्षणात ते रोज लिटरांनी लागायचं. ते सगळं एका बरणीत गोळा करायचं, आणि पाच लिटर जमलं की मोठ्या फ्लास्कमध्ये घालून उकळायचं. वाफ वर चढते, मळ खाली राहतो. ती वाफ एका काचेच्या नळीत शिरते. या नळीभोवती दुसरी काचेची नळी असते, आणि दोन्हींच्या मधून थंड पाणी वाहत असतं. वाफेला गारवा लागला की तिचे थेंब होतात आणि पलीकडच्या बाटलीत पुन्हा स्वच्छ अ‍ॅसिटोन पडतं. घरी भाताच्या झाकणाला पाणी धरतं तसंच. या दुहेरी नळीला कंडेन्सर म्हणतात, आणि सगळा खेळ त्या थंड पाण्यावर असतो. ते पाणी एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने जातं, आणि जातं ते थेट गटारात. आलं तेवढंच स्वच्छ, फक्त थोडं कोमट. तीन कंडेन्सर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालले की किती पाणी गेलं याचा विचार कुणी करत नसे.

विचार करायची वेळ एका उन्हाळ्यात आली. औद्योगिक वसाहतीचं पाणी एक दिवसाआड झालं, टँकर यायला लागले, कँटीनमध्ये हात धुवायला तांब्या ठेवला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं की तुमच्या गटारातून दिवसभर स्वच्छ पाणी वाहतं ते कसं काय. मी म्हटलं, थांबवतो.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी माझी व्यवस्था उभी केली. दोनशे लिटरचं एक रिकामं पिंप आतून घासून रंगवून घेतलं आणि पाण्याने भरलं. वाळ्याच्या कूलरचा छोटा पंप आणला. पंप पिंपातलं पाणी कंडेन्सरला देणार, तिथून गरम होऊन आलेलं पाणी वरून परत पिंपात पडणार, दिवसभर तेच पाणी फिरत राहणार, रात्री निवणार, सकाळी पुन्हा तयार. टँकरच्या पाण्यात गाळ असायचा. तो तळाशी बसून पंप दोनदा अडकला, म्हणून पंपाची ओढनळी मी वर घेतली, पाण्याच्या पातळीखाली वीतभर. थर्मामीटर दोरीला बांधून पार तळापर्यंत सोडला, कारण वर लोंबकळला असता तर येता-जाता धक्का लागून फुटला असता. दोन्ही गोष्टी विचार करून केल्या होत्या, म्हणून त्यांच्याबद्दल मला पुन्हा विचार करावासा वाटला नाही.

व्यवस्था उत्तम चालली. गटार कोरडं पडलं. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना पिंप दाखवायला आणायचे आणि मी दोरी ओढून थर्मामीटर वर काढून दाखवायचो.

माझ्या हाताखाली हिरामण मढवी होता. कोपरखैरणे गावचा, पस्तिशीचा, आगरी. त्याच्या घरची भातजमीन वसाहतीत गेली होती, तिच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, अशी ही नोकरी. साफसफाईला लागला आणि बघून बघून सगळं शिकला. त्याचा हात स्थिर होता. मोजनळीतून थेंब सोडताना माझा हात हलायचा, त्याचा नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्याला शब्द दिला होता की अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी तुझं नाव देतो. रजिस्टरमध्ये तपासणाऱ्याच्या सहीचा एक रकाना असायचा. काम हिरामण करायचा आणि तिथे सही मी करायचो. त्याला त्या रकान्यात स्वतःची सही हवी होती. घरी तो सहीचा सराव करतो, हे मला त्याच्याच गावच्या एका शिपायाने सांगितलं होतं.

सकाळचं ऊर्ध्वपातन, म्हणजे हे उकळून थेंब करण्याचं काम, मी स्वतः करायचो. जेवणानंतर मला प्लांटच्या फेऱ्या आणि ऑफिसची कागदपत्रं असायची, म्हणून दुपारचं हिरामण करायचा. पाच लिटर घातलं की साडेचार लिटर परत यायचं, थोडं मळात राहायचं, थोडं उडायचं. मार्च लागला आणि दुपारचा आकडा घसरला. चार लिटर. मग पावणेचार. एकदा साडेतीन. सकाळी माझ्या हातून मात्र साडेचारच.

इथून माझं डोकं चालायला लागलं, आणि ज्या वाटेने त्याला चालायची सवय होती त्याच वाटेने. तेच पिंप, तोच फ्लास्क, तोच कंडेन्सर. फरक फक्त माणसात. रोज अर्धा-पाऊण लिटर अ‍ॅसिटोन जातं कुठे? अर्धा लिटर म्हणजे एक बाटली. बाटली म्हणजे पिशवी.

मग मला पुरावे दिसू लागले. संशयाची गंमत अशी की एकदा तो बसला की पुरावे आपण होऊन हजेरी लावतात. दुपारी मी प्रयोगशाळेत शिरलो की अ‍ॅसिटोनचा उग्र वास यायचा, सकाळी येत नसे. म्हणजे कुणीतरी बाटली भरताना सांडत होतं. हिरामण डोकं दुखतं, गरगरतं म्हणायला लागला होता, दोनदा लवकर घरी गेला. म्हणजे लवकर निघायचं काहीतरी कारण होतं. त्याच्या मेहुण्याची होडी होती. एका रविवारी मी फिरत फिरत खाडीवर गेलो आणि ती नुकतीच निळ्या रंगाने रंगवलेली बघितली. रंगाचे ब्रश कशाने धुतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या होडीसमोर मी बराच वेळ उभा होतो. मेहुण्याने हात करून ओळख दिली, मी दिली नाही.

याच दिवसांत हिरामण एकदा माझ्या टेबलापाशी आला. त्याचे शब्द मला आठवतात, कारण नंतर ते मी पुष्कळ वेळा आठवले.

"सायेब, दुपारचे वक्ताला कंडेन्सरची नली गरम लागतं. जरा हात लावून बगा."

मी उठलो. कंडेन्सरपाशी गेलो नाही, पिंपापाशी गेलो. दोरी ओढून थर्मामीटर वर काढला आणि त्याच्यापुढे धरला. तीस. सकाळी एकोणतीस होता. मी म्हटलं, एका अंशाने नळी गरम लागत नाही, हिरामण. आकडा खोटं बोलत नाही. तो थर्मामीटरकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि हो म्हणून गेला. सबब सांगायला आला होता, असं मी मनात लिहून ठेवलं.

दोन दिवसांनी मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं की संध्याकाळी गेटवर पिशव्या तपासा. सगळ्यांच्या तपासा, म्हणजे कुणा एकाचा अपमान होणार नाही. सगळ्यांच्या म्हणजे कामगारांच्या. ऑफिसरांच्या पिशव्या तपासायची पद्धत नव्हती, त्यामुळे मी माझी बॅग घेऊन गेटपाशी नुसता उभा होतो. गेटवरचा वॉचमन हिरामणच्याच गावचा निघाला. त्याने इतरांच्या पिशव्या वरवर बघितल्या आणि हिरामणची पूर्ण उपसली, कारण मी तिथे उभा होतो. टेबलावर डबा, टॉवेल, लेकीसाठी घेतलेली कंपासपेटी. डबा उघडायला लावला. त्यात सुक्या जवळ्याचं थोडं उरलेलं. बाटली नव्हती. मग वॉचमनने वाकून त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वास येतो, साहेब."

बस निघायची होती, सगळी माणसं थांबून बघत होती. त्यातली निम्मी त्याच्या गावची. हिरामणने डब्याचं झाकण लावलं, टॉवेलची घडी घातली, कंपासपेटी पुसली, सगळं परत भरलं आणि चालायला लागला.

काही सापडलं नाही, तर माणसाचा संशय जायला हवा. माझा वाढला. सावध झालाय, असं मी म्हटलं. त्या आठवड्यात त्याची बदली पंपहाउसला झाली. कारणाच्या जागी 'कामाच्या सोयीसाठी' असं लिहिलं होतं आणि ते वाक्य माझंच होतं. अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी लिहिलेलं त्याच्या नावाचं पत्र माझ्या खणात होतं. ते मी फाडलं. फाडताना मला वाईट वाटलं नाही हे लिहायला हवं, म्हणून लिहितो.

त्याच्या जागी सुनंदा अहिरे आली. वडील मराठवाड्यातून येऊन तुर्भ्याला मजुरी करत होते, ती घरात पहिली पदवीधर. बोलायला चटचटीत. पहिल्या दुपारी तिने चार लिटर काढलं, दुसऱ्या दुपारी पावणेचार. आणि आता वाचक हसतील तर हसू देत, मला तिचाही संशय आला. हिरामणने जाता जाता तिला काही शिकवून ठेवलं असेल का, इथपर्यंत माझं डोकं गेलं. मी तिला आडून आडून विचारायला लागलो. बाटल्या मोजता का, कपाटाची किल्ली कुणाकडे असते. चार दिवस तिने उत्तरं दिली. पाचव्या दिवशी हातातलं काम खाली ठेवलं.

"सर, तुम्ही एक दुपार स्वतः बसा. मी पिशवीसकट बाहेर उभी राहते."

मी बसलो. ती खरंच व्हरांड्यात जाऊन उभी राहिली, पिशवी जाळीच्या दारातून मला दिसेल अशी कठड्यावर ठेवून. मी पाच लिटर मोजून घातलं, जोडण्या तपासल्या, उष्णता दिली. तासाभरात वास यायला लागला. मी कुठे सांडलंय ते शोधलं, सांडलेलं नव्हतं. पाऊण तास आणखी गेला, माझं डोकं जड झालं. शेवटी मोजलं तर तीन लिटर आणि सहाशे मिलिलिटर. माझ्या हातून, माझ्या डोळ्यांसमोर, बंद खोलीत.

मी आधी मोजपात्रावर संशय घेतला, मग अ‍ॅसिटोनवर, मग फ्लास्कच्या बुचावर. हे सगळं निर्दोष सुटल्यावर मी कंडेन्सरच्या नळीला हात लावला. गरम होती. चांगली गरम, बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासारखी. पिंपाशी जाऊन थर्मामीटर वर काढला: तीस. तेव्हा मी शर्टाची बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पिंपात घातला. बोटं गार होती आणि कोपर भाजत होतं.

एवढंच होतं. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. वरून परत येणारं गरम पाणी वरच राहत होतं, आणि माझी ओढनळी वरूनच ते उचलून पुन्हा कंडेन्सरला देत होती. दोनशे लिटरांतलं वरचं थोडं पाणी दिवसभर फिरत होतं आणि तापत होतं. खालचं सगळं थंडगार, स्वस्थ, त्यात माझा थर्मामीटर. थंडीच्या दिवसांत भागून गेलं. उन्हाळा लागला तसं दुपारपर्यंत ते इतकं तापायचं की अ‍ॅसिटोनची वाफ थेंब न होता तशीच खोलीत सुटायची. रोज अर्धा-पाऊण लिटर चोरीला जात नव्हतं, हिरामणच्या फुफ्फुसात जात होतं. त्याच्या शर्टात, त्याच्या डोक्यात जात होतं. एखादी ठिणगी पडली असती तर प्रयोगशाळाही गेली असती आणि तोही. ज्या माणसाने सगळ्या कारखान्याला शिकवलं की पिंपात वर एक आणि खाली एक असू शकतं, त्याने आपल्या पिंपाचा फक्त तळ बघितला.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. ओढनळी तळाशी नेली, गाळासाठी तिच्या तोंडाला जाळीचं फडकं बांधलं, थर्मामीटर वर घेतला. दुसऱ्या दुपारी सव्वाचार लिटर आलं, तिसऱ्या दुपारी साडेचार. सुनंदाने आकडा लिहिला आणि म्हणाली, सर, आता पिशवी आत आणू ना. मी हो म्हटलं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

मग मी पंपहाउसला गेलो. हिरामण पंपाला तेल देत होता. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, ओढनळी, थर्मामीटर, थर. मी बराच वेळ बोललो, जणू परीक्षेत उत्तर लिहीत होतो. त्याने तेलाची बुधली खाली ठेवली.

"मना म्हायती हुतं," तो म्हणाला. "गावचे तल्यान बुडी मारली का वर पानी ऊन आन् खाली गार. ल्हानपनापासून म्हायती हाय. मी पिंपान हात घातलेला."

मी विचारलं, मग पुन्हा का नाही सांगितलंस. त्याने हात पुसले.

"येकदा सांगलं सायेब. तुमी थर्मामीटरवरचा आकरा दाखवला. आनी गेटवर पिशवी."

मी म्हटलं, परत ये प्रयोगशाळेत, पत्र पुन्हा लिहितो. तो नाही म्हणाला. रागाने नाही. इथे बरं आहे, पंप चालला तर चालला, बंद तर बंद, कुणी विचारत नाही, असं काहीतरी म्हणाला. डोकं दुखायचं थांबलंय, असंही म्हणाला. ते तो तक्रार म्हणून सांगत नव्हता.

मॅनेजरसाहेबांकडे जाऊन मी म्हटलं की हिरामणवरचा आरोप काढून टाका. त्यांनी फाइल मागवली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "निमकर, आरोप आहे कुठे? नुसती बदली आहे, कामाच्या सोयीसाठी. काढू काय?" ते खरंच बोलत होते. मी त्याच्यावर कागदावर काहीच ठेवलं नव्हतं, त्यामुळे पुसायलाही काही नव्हतं. जे ठेवलं होतं ते गेटवर, माणसांच्या डोळ्यांदेखत ठेवलं होतं, आणि ते पुसायचं तर पुन्हा त्याच गेटवर, त्याच माणसांपुढे बोलायला हवं होतं. मला ते जमलं नाही.

जमवायची संधी एकदा समोर चालून आली. पुढल्या वर्षी पाणी वाचवल्याबद्दल कंपनीने माझा सत्कार केला. शाल, नारळ, लाकडी फळी आणि त्यावर पितळेची पाटी. सगळे कामगार कँटीनमध्ये जमले होते. मला चार शब्द बोलायला सांगितले. हिरामण शेवटच्या रांगेत उभा होता. मी कंडेन्सरबद्दल बोललो, पाण्याच्या टंचाईबद्दल बोललो, मॅनेजरसाहेबांच्या प्रोत्साहनाबद्दल बोललो. सुरुवातीच्या काळातल्या काही किरकोळ अडचणी, असे चार शब्द म्हणताना माझी नजर मागे गेली. तो इतरांबरोबर टाळ्या वाजवत होता. मला आयुष्यात एवढी लाज क्वचित वाटली असेल, आणि ती शाल अंगावर असताना वाटली.

एक गोष्ट मात्र मी सुरू केली. पंपहाउसमधून परत आलो त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी माझी बॅग गेटवरच्या टेबलावर ठेवायला लागलो. ऑफिसरांना गरज नाही साहेब, असं वॉचमन म्हणायचे. मी म्हणायचो, बघा. ते बिचारे संकोचाने चेन थोडी उघडून बंद करायचे. नवे ऑफिसर हसायचे. म्हातारा स्वतःवरही संशय घेतो म्हणायचे. आपण काही तरी भरपाई करतोय असं मला वाटायचं. खरं तर ती सोपी गोष्ट होती, कारण बॅगेत कधी काही नसायचं.

ऐंशीचं दशक संपता संपता मी निवृत्त झालो. सुनंदा तोवर माझ्या खुर्चीवर बसायच्या तयारीची झाली होती, आणि माझ्यापेक्षा कमी बोलून जास्त पकडायची. शेवटच्या दिवशी भाषणं झाली, शाल-गुच्छ झाले. सगळे चहाला गेल्यावर मी एकटा प्रयोगशाळेत गेलो. पिंप तिथेच होतं, तीन वेळा रंगवलेलं. थर्मामीटरही तोच, पारा जरा तुटक झालेला, दोरी मात्र नवी. मी तो काढला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. नवा थर्मामीटर मी आधीच लावून ठेवला होता. आठवण म्हणून घेतला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बाहेर आलो तर हिरामण उभा होता. केस पांढरे झाले होते. त्याने माझ्या हातातली बॅग घेतली. निरोपाच्या दिवशी जवळचा माणूस बॅग गेटपर्यंत पोचवतो, अशी आमच्याकडे रीत होती, आणि मला पोचवायला तो येईल असं माझ्या मनातही नव्हतं. आम्ही चाललो. लेक आता बँकेत लागली, एवढंच तो बोलला. गेटवर पोचल्यावर त्याने बॅग टेबलावर ठेवली, कारण इतक्या वर्षांत माझी ती सवय त्यालाही ठाऊक झाली होती. आणि तेव्हा मला आठवलं की आज बॅगेत काहीतरी आहे.

वॉचमन नवा होता. निरोपाचा दिवस म्हणून जरा नीट बघावं असं त्याला वाटलं असेल. त्याने चेन पूर्ण उघडली, शाल बाजूला केली आणि रुमाल उलगडला. थर्मामीटरवर कंपनीचा नंबर कोरलेला होता. त्याने नंबर वाचला आणि विचारलं, "साहेब, याचा गेटपास?"

गेटपास नव्हता. बस लागली होती, माणसं थांबून बघत होती, त्यातली काही जुनी, त्या दिवशी तिथे असलेली. इतक्या वर्षांत त्या प्रयोगशाळेतून पिशवीत घालून बाहेर गेलेली एकच वस्तू मला माहीत आहे, आणि ती माझ्या पिशवीत होती.

हिरामणने थर्मामीटर वॉचमनच्या हातातून घेतला. उजेडाकडे धरून जरा बघितला, मग पुन्हा रुमालात गुंडाळला, माझ्या बॅगेत ठेवला आणि चेन लावली.

"जाव दे त्याना," तो वॉचमनला म्हणाला. "तो त्यांचाच हाय."